सुभद्रा लहानू तितरमारे यांच्या नावाबाबत

प्रति,
मा. विभागीय फळबाग अधिकारी,
विभागीय फळबाग कार्यालय,
सिव्हिल लाइन्स, नागपूर.

(कार्यालय अधीक्षक श्री. देवाजी भोंगाडे यांच्या टेबलावरून)

अर्जदार : चंद्रभान रुपराव चरपे, वय २९ वर्षे ९ महिने, रा. मौजा पारडी, ता. काटोल; हल्ली मुक्काम महाल, नागपूर.

विषय : स्पेन देशातील पदवीपत्रावर अर्जदाराच्या आईचे माहेरचे आडनाव असणे, व ते आपले नव्हे असे प्रतिज्ञापत्र अर्जदाराने न देणे.

संदर्भ : आपले पत्र क्र. फबा/आस्था/२(ब)/१४३७, दि. ११ ऑक्टोबर १९७८.

महोदय,

अर्जदार सविनय सादर करतो ते येणेप्रमाणे.

१. अर्जदाराची 'कनिष्ठ संत्रारोग सहायक' या पदावर आपल्याच कार्यालयाने दि. २ मार्च १९७७ रोजी निवड केली. कागदपत्रांची पडताळणी होताच रुजू करून घेऊ, असे निवडपत्रात नमूद आहे. त्यास वीस महिने होत आले. या काळात अर्जदाराने कार्यालयाचे उंबरठे झिजवले असे म्हणता येणार नाही, कारण उंबरठा सिमेंटचा आहे. चपलांचे दोन जोड मात्र झिजले. येत्या १४ जानेवारीस अर्जदाराला तीस वर्षे पूर्ण होतात व त्यानंतर तो नियमाने या पदास अपात्र ठरतो. संदर्भीय पत्र हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत प्रतिज्ञापत्र दिले नाही तर निवड रद्द समजावी, असे आपण कळविले आहे. आज तेरावा दिवस आहे.

२. संत्र्याची झाडे वाचवायला माणूस स्पेनला काहून जाते, असे गावात पुष्कळांनी विचारले होते. आपल्या कार्यालयातही विचारले गेले, म्हणून खुलासा. अर्जदाराच्या वडिलांची पारडीस एकशे चाळीस झाडांची बाग आहे. तीत १९७० साली डिंक्या शिरला. या रोगात बुंध्यातून डिंक गळतो, साल कुजते आणि झाड उभ्याउभ्या वाळते. कोणते झाड जाणार, हे घरात सर्वांआधी अर्जदाराच्या आईला कळे. ती बुंध्याशी बसून बोटावर डिंक घेई, वास घेई आणि म्हणे, "हे गेलं, बापू." कृषी महाविद्यालयात हे इतक्या लवकर ओळखायला कोणी शिकविले नव्हते. स्पेनमधील वलेन्सिया शहराभोवती आपल्यासारख्याच संत्र्याच्या बागा आहेत व तेथील विद्यापीठात या रोगाचा अभ्यास होतो, असे कळल्यावर अर्जदाराने शिष्यवृत्ती मागितली आणि ती मिळाली. स्पॅनिश भाषेतला एक शब्द येत नव्हता. पहिले वर्ष ती शिकण्यातच गेले.

३. आता मूळ भानगड. सप्टेंबर १९७२ मध्ये विद्यापीठात नाव नोंदविताना जो छापील फॉर्म मिळाला, त्यात नावासाठी तीन रकाने होते : स्वतःचे नाव, पहिले आडनाव, दुसरे आडनाव. अर्जदाराने पहिल्या रकान्यात स्वतःचे व वडिलांचे नाव लिहिले, दुसऱ्यात 'चरपे' लिहिले आणि तिसऱ्यात, आपल्याकडे करतात त्याप्रमाणे, आडवी रेघ मारली. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म परत दिला. अर्जदाराने तिसऱ्या रकान्यात पुन्हा 'चरपे' लिहिले. त्यांनी पुन्हा परत दिला. मागे रांग वाढली. शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याने इंग्रजीत समजावून सांगितले की, त्या देशात प्रत्येकाला दोन आडनावे असतात, पहिले बापाकडून व दुसरे आईकडून, आणि लग्न झाले तरी बाई आपले आडनाव सोडत नाही. आमच्याकडे सोडते, असे अर्जदाराने सांगितले. त्यावर त्या बाई म्हणाल्या की, सोडले असेल, पण त्याआधी होते ना, तेच लिहा.

अर्जदाराचे मामा कुही तालुक्यात धानाची शेती करतात. त्यांचे आडनाव तितरमारे. अर्जदाराने ते लिहिले व फॉर्म स्वीकारला गेला. या कामी विद्यापीठाची चूक नाही, हे अर्जदार स्पष्ट करू इच्छितो.

४. तेव्हापासून चार वर्षे हजेरीत, प्रयोगशाळेच्या वहीत, गुणांच्या यादीत सर्वत्र 'चरपे तितरमारे' असेच नाव होते. प्रथम अर्जदारास आपल्याला नव्हे, दुसऱ्याच कोणाला हाक मारत आहेत असे वाटे. ही गंमत त्याने पत्रातून घरी कळविली. आईला वाचता येत नव्हते. दिवाळीला मामा धोंडबा तितरमारे नवा तांदूळ घेऊन पारडीस आले, तेव्हा त्यांनी पत्र वाचून दाखविले व तिचे उत्तर लिहून घेतले. पोस्टकार्ड सोबत जोडले आहे. त्यातील मजकूर जसाच्या तसा : "माह्या बापाचं आडनाव तिकडं कायले नेलं गा? लोकं हासत असतीन." त्याखाली मामांनी स्वतःच्या मनाने लिहिले आहे की, पत्र तिने तीनदा वाचायला लावले व शेजारच्या यमुताईंनाही बोलावून ऐकविले.

५. दि. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी अर्जदाराची आई वारली. तार तिसऱ्या दिवशी वसतिगृहावर आली. येणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती व अर्जदार तिला बसला. त्या दिवसाचे त्यास फारसे आठवत नाही. समोर तीन प्राध्यापक होते. दाराशी शिपायाने 'चरपे तितरमारे' असे नाव पुकारले आणि अर्जदार उठून आत गेला. डिंक्याची पहिली खूण कोणती, असे विचारले. अर्जदाराने वास असे सांगितले. पुस्तकात तसे नव्हते, परंतु प्राध्यापकांनी ते मान्य केले व दहापैकी आठ गुण दिले. रडू आले नाही. अद्यापही आलेले नाही. याचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही, तरी नमूद केले आहे.

६. पदवी घेऊन अर्जदार १९७६ च्या जुलैत परत आला. आपल्या कार्यालयाचा पहिला आक्षेप असा की, गुणपत्रिकेत सर्वत्र सात, आठ, नऊ असे गुण असल्याने उमेदवार सर्व विषयांत अनुत्तीर्ण आहे. तेथे गुण दहापैकी देतात, हे पटवून देण्यास चार महिने लागले. दुसरा आक्षेप भाषांतराचा होता. ते मुंबईहून अधिकृत शिक्क्यासह आणले. त्यास सहा महिने लागले. या दोन्ही बाबतींत अर्जदाराची तक्रार नाही. तिसरा आक्षेप नावाचा : पदवी चंद्रभान रुपराव चरपे तितरमारे नामक इसमाची आहे, आणि निवड चंद्रभान रुपराव चरपे याची झाली आहे.

७. तितरमारे हे आईचे माहेरचे आडनाव असल्याचा पुरावा आणा, असे सांगण्यात आले. हे सोपे वाटले होते. तलाठ्याकडील कागदात आई 'सुभद्रा जौजे रुपराव चरपे', म्हणजे रुपरावांची बायको, अशी आहे. रेशनकार्डावर तशीच आहे. मतदारयादीत तशीच. ती शाळेत गेली नाही. लग्नाची त्या काळी कुठे नोंद झाली नाही. ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या रजिस्टरात 'रुपराव चरपे यांची पत्नी' एवढेच आहे. तिथे तर तिचे नावही नाही. मग अर्जदार कुहीस गेला. कोतवालाचे जन्माचे जुने पुस्तक दोन दिवस शोधून सापडले. त्यात आईच्या वडिलांचे नाव आहे : 'लहानू तितरमारे, मुलगी, एक.' मुलीचे नाव लिहिण्याचा रिवाज नव्हता. पुढे दोन वर्षांनी पुन्हा तशीच नोंद आहे. मामा सांगतात की, यांतली एक मुलगी पाळण्यातच गेली. आपल्या कार्यालयाने विचारले की, वारली ती कोणती व जगली ती कोणती, हे पुस्तकावरून कसे समजावे. प्रश्न रास्त होता.

थोडक्यात, सुभद्रा आणि तितरमारे हे दोन शब्द या देशातल्या एकाही सरकारी कागदावर शेजारी शेजारी आलेले नाहीत.

८. म्हणून मामांस समक्ष आणले. ते पासष्ट वर्षांचे आहेत. सकाळच्या बसने आले, धुतलेले धोतर नेसून आले, व दुपारी साडेतीनपर्यंत बाकावर बसले. आत बोलावल्यावर त्यांना सुभद्राबाईंचे भाऊ असल्याचा पुरावा विचारण्यात आला. मामा म्हणाले, "मी तिचा भाऊ आहो, याचा कागद कुठून आनू, साहेब? मी तिले खांद्यावर घेऊन बांधाबांधानं फिरलो." फाईलीवर 'साक्षीदार पुरावा देऊ शकला नाही' असा शेरा आहे. बाहेर आल्यावर मामांनी अर्जदारास विचारले की, माझ्यामुळे तुझे काम बिघडले का. अर्जदाराने नाही म्हटले. त्यांना बसमध्ये बसवून दिले.

९. अधीक्षक श्री. भोंगाडे यांचे अर्जदार मनापासून आभार मानतो. त्यांनीच यातून मार्ग काढला. स्वतःच्या वेळात त्यांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा टाइप करून घेतला. त्यात असे आहे की, 'तितरमारे हे आडनाव माझे नसून त्याच्याशी माझा अथवा माझ्या कुटुंबाचा पूर्वी कधीही संबंध नव्हता व आजही नाही. परकीय विद्यापीठाच्या चुकीने ते माझ्या नावास चिकटले आहे.' मसुदा हाती देताना ते म्हणाले, "सही ठोका अन् सोमवारी रुजू व्हा. आडनाव खोडल्यानं माय काई मरत नाही गा." आई वारल्याचे त्या वेळी त्यांच्या ध्यानात नव्हते. त्यांचा काही दोष नाही.

१०. अर्जदार तो मसुदा स्टॅम्पपेपरावर उतरवून कचेरीच्या आवारात तीन वेळा गेला. तिन्ही वेळा शपथ घेण्याची पाळी आली, तेव्हा मागच्या माणसाला पुढे जाऊ दिले. हा अभिमान नाही. अर्जदारास नोकरी हवी आहे. बागेतील एकशे चाळीसपैकी अठ्ठावन्न झाडे उरली आहेत, आणि तालुक्यातल्या इतर बागांची अवस्था आपणास ठाऊकच आहे. ती झाडे कशी वाचवावी हे अर्जदार शिकून आला आहे व वीस महिने महालात खोली घेऊन बसला आहे. त्याने वडिलांस विचारले. वडील म्हणाले, "करून टाक सही. ते असती तं तिनंच तुह्या हातात पेन देल्ला असता." हेही खरे आहे. आईने पेन दिला असता. परंतु ती असती तर नाव खोडल्याने फारसे बिघडले नसते, कारण ती स्वतःच असती. आता ती नाही. अर्जदाराला एवढेच समजते, याहून नीट मांडता येत नाही.

११. संदर्भीय पत्र अर्जदाराने आल्या दिवशी फक्त खालून वाचले, म्हणजे निवड रद्द होण्याचा भाग. आठ दिवसांनी ते पारडीस नेले, तेव्हा वडिलांनी ते वरून वाचायला सांगितले. वरच्या ओळीत आपल्या कार्यालयाने असे टाइप केले आहे : 'विषय : कै. सुभद्रा लहानू तितरमारे यांच्या नावाबाबत.' त्याशेजारी जावक क्रमांक आहे, खाली आपली सही आहे व सहीवर कार्यालयाचा गोल शिक्का आहे. अर्जदाराने ती ओळ वाचली. वडील म्हणाले, पुन्हा वाच. अर्जदाराने पुन्हा वाचली. मग वडील उठून बागेत गेले व दिवेलागण झाली तरी परत आले नाहीत.

१२. वरील परिस्थितीत अर्जदार नम्रपणे निवेदन करतो की, आईचे माहेरचे नाव दाखविणारा जो शासकीय कागद आपण मागत होता, तो उपलब्ध झाला आहे. तो आपणच पाठविला आहे. त्याची सत्यप्रत सोबत जोडली असून ती पुरावा म्हणून दाखल करून घ्यावी व अर्जदारास पदावर रुजू करावे, ही विनंती. आपल्या कार्यालयास आपलाच कागद मान्य नसल्यास निवड रद्द करावी. त्याबाबत पुढे अर्ज येणार नाही. तसे झाल्यास मूळ पदवीपत्र तेवढे परत मिळावे. 'तितरमारे' या शब्दाखाली कोणी लाल पेन्सिलीने रेघ ओढली आहे, ती राहू द्यावी; खोडण्याचा प्रयत्न करू नये, कागद पातळ आहे.

आपल्या टेबलाचा आता सवयीचा झालेला, नम्र अर्जदार,

(सही)
चंद्रभान रुपराव चरपे तितरमारे

नागपूर, दि. २७ ऑक्टोबर १९७८

सोबत :
१) पदवीपत्राचे अधिकृत भाषांतर.
२) कोतवालाच्या पुस्तकातील दोन नोंदींचा उतारा. यांपैकी आई कोणती, हे माहीत नाही.
३) आईचे पोस्टकार्ड. पाहून परत करावे.
४) प्रतिज्ञापत्र, स्टॅम्पपेपरावर, सही न केलेले.
५) आपले पत्र दि. ११ ऑक्टोबर १९७८, सत्यप्रत. पडताळणीसाठी मूळ पत्र मागू नये. वडिलांनी ते आईच्या लुगड्यांच्या पेटीत ठेवले आहे व किल्ली ते कोणाला देत नाहीत.