मागे घेण्याची जागा

किलाड, १४ सप्टेंबर

ती. मंदाताईस,
दौलतचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितो. शेजारची निधी या पत्राचा फोटो मोठा करून दाखवील. ताई, समरजीतचं अपेंडिक्स फुटलंय. इथल्या डॉक्टरांनी हात जोडले. ऑपरेशन चंब्यालाच होईल, तेही उद्याच व्हायला हवं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येत नाही, अँब्युलन्स पलीकडे अडकली आहे. मधे साच खिंड. एका गाडीपुरता दगडधोंड्यांचा रस्ता, त्यावरून ओढे वाहतात. उजाडताच समरचीच जीप घेऊन निघतो. तू देवापाशी बैस.

तुझा दौलत

थाटीपुर, १४ सप्टेंबर

चि. दौलतसिंहास अ. उ. आ.

नया बाजारात गाडी मागे घेताना केळ्यांचा ठेला पाडणारा तू, आणि माझं लेकरू तुझ्या हाती! रागावू नकोस रे, काळजीपोटी काहीबाही लिहिते. समरला सांग, आई जेवली. जेवले नाहीये, पण तू सांग.

मंदाताई

चंबा, १६ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

काल खिंड उतरताना समोरून जीप आली. एकीकडे कडा, दुसरीकडे दरी. चढणाऱ्याला वाट द्यायची, हा इथला नियम. शिवाय तिच्यात विशीतल्या मुलाचं प्रेत होतं, गावी चाललेलं. अंत्ययात्रेला आडवं जाऊ नये, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. मी गाडी मागे घेऊ लागलो. मागचं चाक दरीकडे घसरलं, गाडी कशीबशी थांबवली. समर ओरडला. रामरक्षेची पहिली ओळसुद्धा मला आठवेना.

त्या मुलाचा बाप उतरून आला. वाकून त्यानं समरला पाहिलं. घरी निघालेलं प्रेत माघारी नेत नाहीत, म्हणून त्यानं माणसांकडून मुलाला खाली उतरवून घेतलं, स्वतः खांदा दिला आणि रिकामी जीप मागे न्यायला सांगितली. माझ्या जीपच्या दाराशी अंग चोरून जाताना एवढंच म्हणाला, की त्याच्या मुलाला आता उशीर होणार नाही, माझ्याला होतोय.

ऑपरेशन झालं. विष पोटभर पसरलं होतं. समर अजून शुद्धीवर नाही, डॉक्टर नजरेला नजर देत नाहीत.

त्या मुलाचं नाव विचारायचं राहिलं. सर्वपित्रीला एक पान जास्त मांड, बिननावाचं. आणि ताई, तू जेव. समरनं डोळे उघडले तर पहिलं तेच विचारील, आणि मला पुन्हा खोटं बोलवणार नाही.

माझ्यावरचा लोभ सध्या समरकडे वळव.

तुझा दौलत