हळदीचं ताक

ठाणाकुशनूर, वैशाख वद्य ९, शके १८६०

चि. सौ. नागूबाईस गुंडेरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र होळीला आले आणि उत्तर आता लिहितो, याची माफी कर. शाई वाळली होती असे लिहिणार होतो, पण ते खोटे आहे. जे झाले ते लिहवत नव्हते.

तुझी वहिनी गेल्यापासून म्हशीचे धार-पाणी मीच करतो, ताकही मीच घुसळतो. ताक आपल्यात कोणी विकत नाही, मागेल त्याला द्यायचे. सकाळी तांबे घेऊन बाया दारात यायच्या. आधी मला त्यांचा वैताग यायचा. मग सवय झाली. चंद्रम्मा म्हणायची की मामा, ताक करायलाव का विहीर उपसायलाव, एवढं पाणी कामून? बाकीच्या हसायच्या. दिवसभरात माझ्याशी कोणी बोलले तर तेवढेच. त्यासाठी मी कोंबड्याच्या आधी उठायचो.

शेजारची म्हातारी अक्कम्मा तुला ठाऊक आहे. आईबापावेगळी नात गंगव्वा तिनेच वाढवली. पोरीला जुलाब लागले होते. अक्कम्मा दिवेलागणीला आली, म्हणाली की अण्णा, पोटात पाणी सुद्धा ठरंना, ताक तेवढं मागायलीय. मी म्हणालो की दिवा लागलाय, आता पांढरं घराबाहेर जात न्हाई, सकाळी ये. म्हैस आटेल ही भीती होती मला. ती व्हय म्हणाली आणि रिकामा तांबा घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी पोर गेली. ताकाने वाचली नसती, असे वैद्य म्हणाला. मी त्याला तीनदा विचारले. अक्कम्मा मला काही बोलली नाही. पण तेव्हापासून माझ्या दारात कोणी येत नाही. ताक म्हशीलाच पाजतो. दिवा लागल्यावर पांढरं देऊ नये, असेच आपली आई सांगायची ना? मी चुकलो नाही ना? कळव.

तुझा दादा, गुंडेराव


निंबर्गा, ज्येष्ठ शुद्ध ४

ती. दादास धाकट्या नागूचा साष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र मास्तर लिहायलेत, म्हणून शिव्या थोड्याच देते.

दादा, आई तसं सांगायची, खरं आहे. पण अर्धंच तू ऐकलंस. चिमूटभर हळद टाकली की ताक पांढरं राहत नाही, मग दिवे लागल्यावरही देता येतं. वहिनी कितीदा तसं द्यायची. माझ्या बाळंतपणात तिनं असंच दिलेलं मी पाहिलंय. चाळीस वर्षं त्या चुलीवरची भाकरी खाल्लीस आणि शेजारी हळदीचा डबा होता तो दिसला नाही तुला? म्हैस तर आटली नाही कधी.

आता वैद्याला चौथ्यांदा विचारू नकोस. चुकलास. ताकाचं भांडं भरून घे आणि अक्कम्माच्या उंबऱ्याशी ठेव. माफी मागत बसू नकोस, तुझं रडणं ऐकायचं काम तिच्या गळ्यात घालू नकोस. ठेव आणि माघारी ये.

जेवत जा. माझ्यावरची माया ताकासारखी पातळ करू नकोस.

तुझी नागू


ठाणाकुशनूर, आषाढ वद्य २

चि. सौ. नागूबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि. याही वेळी उशीर झाला. काही चांगले घडले की लिहीन म्हणून थांबलो होतो.

तू सांगितलेस तसे केले. अक्कम्मा ज्वारी निवडत होती. तिने भांड्याकडे पाहिले, माझ्याकडे नाही. दुसऱ्या दिवशी भांडे माझ्या ओट्यावर होते, घासलेले आणि रिकामे. आपल्याकडे कोणी कोणाचे भांडे रिकामे परत करत नाही, हे तुला सांगायला नको. मूठभर दाणे, गुळाचा खडा, काहीतरी असतेच. महिना उलटला. मी रोज भरून ठेवतो, ती रोज रिकामे पाठवते.

चंद्रम्मा पुन्हा येऊ लागली आहे, ताकाला नावेही ठेवते. तिनेच सांगितले की अक्कम्मा त्यातला थेंब पीत नाही. गल्लीतली पोरे गोळा करते आणि गंगव्वाच्या वाटीने एकेकाला पाजते. पोरे त्याला पिवळं ताक म्हणतात. त्यांचे खिदळणे भिंतीवरून मला ऐकू येते. तेवढा वेळ मी रवी तशीच हातात धरून बसतो. बरे वाटते, आणि बरे वाटल्याची लाज वाटते. पोरांत जाऊन बसायची छाती होत नाही.

आता सकाळी उजेडात देतो, तेव्हा हळदीचे काम नाही. तरी चिमूटभर घालतो. त्या दिवशी डबा फळीवरच होता गं, माझ्या हाताला लागेल एवढ्या अंतरावर.

भांडे कधी भरून येईल असे तुला वाटते? बायकांचे तुला कळते. खोटे लिहिलेस तरी चालेल, पण लवकर लिही.

तुझा दादा, गुंडेराव