एप्रिलची बॅग येत नाही

१ जुलै
आजपासून रोजनिशी. एक मोठी गोष्ट ठरवायची आहे आणि ती नीट ठरली पाहिजे.
समोरच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते ती आणि मी, आमचे लग्न पक्के आहे. लग्नानंतर लगेच आफ्रिकेत सफारी, हेही पक्के. जिराफ बघायचे तिला शाळेपासूनचे वेड. ती म्हणाली, सफारीला कुठला महिना चांगला ते तू शोध, त्याच्या आदल्या आठवड्यात आपण लग्न उरकून टाकू.
निवड माझ्यावर सोपवली, यात तिची पारख दिसते. आठ दिवसांत सांगतो म्हणालो.

९ जुलै
आठ दिवस झाले. ट्रॅव्हल कंपनीचे माहितीपत्रक वाचले. जून ते ऑक्टोबर कोरडा मोसम, गवत कमी, प्राणी पाणवठ्यावर जमतात. नोव्हेंबरात छोटा पाऊस. फेब्रुवारीत मैदानावर पिल्ले जन्मतात. एप्रिलमध्ये मोठा पाऊस, पण सगळे हिरवेगार. प्रत्येक महिन्यापुढे ‘अविस्मरणीय’ लिहिले आहे. बाराही महिने अविस्मरणीय कसे असतील? कुणीतरी फसवते आहे. मी फसणाऱ्यांतला नाही.
तिला म्हणालो, जरा थांब. ती म्हणाली, बरं.

१९ ऑगस्ट
मार्ग सापडला!
मामांच्या दुकानात मी प्रवासी बॅगा दुरुस्त करतो. चाके, चेन, हँडल. आज एक बँकवाले गृहस्थ बॅग घेऊन आले. विमानाची चिठ्ठी अजून हँडलला. जुलैत सफारीला जाऊन आलेले. चाक काढले, तर आत लाल धूळ गच्च, बेअरिंग खलास.
माहितीपत्रक खोटे बोलेल, चाक बोलणार नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, तर चाकावरून महिन्याची का होऊ नये? जुलै बाद.
गृहस्थ नदी ओलांडणाऱ्या कळपाबद्दल काहीतरी सांगत होते. मला धूळ पुरेशी होती.

३० सप्टेंबर
ऑगस्टच्या बॅगा आल्या. धूळ. ऑगस्ट बाद.
दुर्बीण घेतली. (उकार ऱ्हस्व, वेलांटी दीर्घ. कोशात पाहिले.) दुकानातून समोर बघितले. ती एका आजोबांना फ्रेम दाखवत होती. तिने मान वर केली आणि हात केला. मी दुर्बीण खाली घेतली. प्राण्यांनाही आपण दिसतो, ही नोंद महत्त्वाची.

७ नोव्हेंबर
सप्टेंबर आणि ऑक्टोबर एकाच दिवशी बाद. ऑक्टोबरची बॅग एका बाईंची. चाकांचे रबर उन्हाने भेगाळलेले. बाई आनंदाने फोटो दाखवू लागल्या, सिंहीण, चार बछडे, अगदी गाडीच्या सावलीत येऊन बसलेले. मी फोटो बाजूला सारले. फोटोत चाक दिसत नाही.
मामा म्हणाले, भाचेबुवा, हत्तीण बावीस महिने पिल्लू पोटात ठेवते. तुमचा महिना तिच्याआधी बाहेर येऊ द्या.
मामा आयुष्यात या गल्लीबाहेर गेलेले नाहीत. त्यांचे मनावर घेत नाही.

२ डिसेंबर
नोव्हेंबर: चेनचा रनर गंजलेला. बाद.
तिने आज विचारले नाही. माझ्यावर विश्वास बसल्याचे हे लक्षण.

१ जानेवारी
संकल्प:
या महिन्यात महिना ठरवणे.
रोज अर्धा तास अजिबात न हलता बसणे. सफारीत लागते.

२ जानेवारी
न हलता बसलो होतो. मामांना वाटले मला बरे नाही. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. सराव तात्पुरता बंद.

२६ फेब्रुवारी
डिसेंबर बाद, जानेवारी बाद. फेब्रुवारीवर माझी फार भिस्त होती. आज बॅग आली, हँडल मुळापासून उपटलेले. मालक एक तरुण शिक्षक. म्हणाला, समोर पिल्लू जन्मलं, पाच मिनिटांत उभं राहिलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. भावनाप्रधान माणसाची साक्ष धरता येत नाही. हँडल धरले. फेब्रुवारी बाद.

११ मार्च
मार्च ते जून उरले. जूनची गेल्या वर्षीची बॅग मामांना आठवते, चेन फाटलेली. मार्चची आजच आली, आत बुरशी. मेची एक माळ्यावर पडून आहे, मालक फिरकलाच नाही. म्हणजे मे कसा गेला असेल ते उघड आहे.
पण एप्रिलची एकही बॅग या दुकानात कधी आलेली नाही. एकही! म्हणजे एप्रिलमध्ये बॅगा दुरुस्तीपलीकडे जात असणार. एप्रिल सर्वांत वाईट. सिद्ध झाले.

१२ मार्च
तिला सगळे समजावून सांगितले. ती हातातला चष्मा पुसत शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, अरे, माझ्या दुकानात येणाऱ्या कुणालाच नीट दिसत नाही. म्हणून काय सगळं जग आंधळं आहे का? ज्यांची बॅग धड राहिली ते तुझ्याकडे कशाला येतील?
मी म्हणालो, चष्म्याचा आणि बॅगेचा काय संबंध?
तिने चष्मा डबीत ठेवून डबी मिटली. मुद्दा पटला असावा.

२० मार्च
ती आणि तिची आत्या एप्रिलमध्ये सफारीला चालल्या आहेत. तिकिटे काढून झाली. माझ्याशिवाय. मला दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या सांगितले. म्हणाली, आत्याचे गुडघे आता वाट बघत नाहीत, आणि एप्रिलला गर्दी नसते. पुढे म्हणाली, अजून एक सीट आहे, येतोस?
एप्रिल! मी म्हणालो, पुराव्याविरुद्ध मी जाणार नाही. कुणीतरी ठाम राहायला हवे.
ती म्हणाली, राहा.

३ एप्रिल
तिची बॅग तपासून दिली. जुनी चाके काढून आपल्याकडची सर्वांत भारी बसवली, मामांनी कपाटात जपून ठेवलेली. स्क्रू दोनदा आवळले, तेल दिले. मामांनी कपाट उघडे बघितले आणि स्वतःच लावून घेतले.
यात हळवेपणा नाही. चांगल्यात चांगली चाके असूनही बॅग मोडली, तर दोष निखालस एप्रिलचा ठरेल. प्रयोग असाच करतात.

२१ एप्रिल
त्या आज-उद्या परततील. काउंटर मोकळे केले. चाकांचा नवा जोड, रनर, रिव्हेट काढून ठेवले. दाढी केली.

२४ एप्रिल
समोर ती कामावर दिसते. उन्हाने रापली आहे. बॅग आली नाही. लाज वाटत असेल. मी वाट बघू शकतो.

२९ एप्रिल
बॅग नाही.

६ मे. संध्याकाळी
शेवटी मीच निरोप पाठवला, तपासणीसाठी बॅग आण. ती आली. बॅग ओढत आणली.
काउंटरवर आडवी घातली. चेन सरळ. हँडल घट्ट. चाकाच्या खोबणीत थोडा वाळलेला चिखल, तो नखाने निघाला. ती सांगत होती, दुपारी रोज पाऊस यायचा, आत्याने जीपमध्ये छत्री उघडली तर ड्रायव्हरला हसू आवरेना. आणि जिराफ पावसात अगदी जवळ उभा, पापण्यांवरून थेंब गळतायत, आणि सगळ्या रानात गाडी आमची एकटीच.
मी विचारले, चाकांनी कुठे आवाज केला का?
ती म्हणाली, नाही.
मग मी लग्नाचे विचारले. ती म्हणाली, महिना तू सांगणार होतास ना? सांग. आत्ता.
मी म्हणालो, आता एप्रिलचा पुन्हा विचार करावा लागेल, म्हणजे सगळी तपासणी पहिल्यापासून आली. पण या वेळी आठ दिवसांत नक्की.
नंबर तपासताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतात तशी ती बघत राहिली. मग म्हणाली, असू दे. बॅग उभी केली आणि निघाली.
मामा म्हणाले, अरे जा की मागे, गाढवा. मी म्हणालो, विचार करून जातो.
एका बॅगेवरून काही सिद्ध होत नाही. हे लिहून ठेवतो.
गल्लीच्या टोकापर्यंत आवाज येत होता. चारही चाके कुठे अडखळली नाहीत. मीच बसवलेली.