बाणांनंतरचं पान

पप्पा, आज एकोणीस जानेवारी, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. चर्चच्या पायरीवर बसून मी पुस्तिकेत पेन्सिलीने थांबायच्या जागांवर खुणा करतोय. उद्या सेंट सेबॅस्टियनचं फेस्त, आमच्या चर्चचा वार्षिक सण. आज प्रार्थनेनंतर संताचं चरित्र मोठ्याने वाचायचं काम फादरांनी मला दिलंय. "तू स्पष्ट वाचतंस," म्हणाले. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं.

चार वर्षांपूर्वी तू खाटेवर होतास तेव्हा हीच पुस्तिका मी तुला वाचून दाखवली होती. हृदयाचा झटका येऊन महिना झाला होता, वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तुला वाचता येत नव्हतं, पण फेस्ताच्या मिरवणुकीत संताची, आपल्या सायबाची, मूर्ती वीस वर्षं तुझ्या खांद्यावर होती. पालखीचा डावीकडचा पुढचा दांडा तुझाच. मी वाचत होतो. रोमच्या राजाचा हा शिपाई ख्रिस्ती निघाला, म्हणून त्याला बांधून बाण मारले, मेला समजून टाकून गेले. एका विधवेने त्याला घरी नेलं, जखमा धुतल्या, तो बरा झाला. इथे मी थांबलो. "मगे?" तू विचारलंस. पुढच्या पानावर तो आपल्या पायाने राजासमोर परत जातो, आणि राजा त्याला सोट्यांनी मारून टाकायला लावतो. "मगे काय नाय," मी म्हणालो, "म्हातारो होवन गेलो."

तू उठून बसलास. फेस्ताच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दांड्याखाली उभा राहिलास. शेजारचे काका म्हणाले, "रे, तू सायबाक खांदो देतलंस काय सायब तुका देतलो?" तू हसलास. "इतके तीर लागान तो उठलो, माका तर एकव लागाक नाय." मी मागेच होतो. तेव्हाही खरं सांगितलं नाही. बाजाराच्या वळणावर तुझा खांदा खचला. मूर्ती इतरांनी धरली, तुला मी. दवाखान्यापर्यंत तू पोचला नाहीस.

आत सगळे बसलेत. आज मी ते पान वाचणार आहे, आवाज फुटला तर. आजारी माणसाला धीर यावा म्हणून ते गाळलं, असं चार वर्षं मी स्वतःला सांगत आलोय. तसं नव्हतं, पप्पा. ते पान बघून मला रडू येत होतं, आणि तुझ्यासमोर रडायची मला लाज वाटली.