इस्त्री केलेला लंगोट

दि. ४ मार्च

सौ. ताईंना,
सा. न. वि. वि.

बर्फाच्या पिशव्या घातलेला तुमचा डबा काल पोचला. तुमच्या भावाने आधी आत आइस्क्रीम आहे का ते पाहिलं, आणि ढब्बूचा शी केलेला लंगोट त्यात ठेवून तुमच्या प्रयोगशाळेत परत धाडायचा आहे हे कळल्यावर दोन हात लांब झाला. आपली सख्खी बहीण दिवसभर तान्ह्या बाळांच्या शीतले जंतू तपासते, हे त्याला अजून पचलेलं नाही.

ढब्बू पाच महिन्यांचा झाला, हसतो छान, पण इसब काही हटत नाही. गाल लालबुंद आहेत. मान, पोट, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्या, सगळीकडे कातडी सोलून पाणी सुटतं. हातांत मोजे घालावे लागतात, नाहीतर ओरबाडून रक्त काढतो. डॉक्टरांनी मलमाची ट्यूब दिली आहे, पण त्यात स्टेरॉइड आहे असं कळल्यापासून ती कपाटात तशीच पडून आहे. लावायची माझी हिंमत होत नाही.

शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या की दोष आईच्या दुधात असतो. मग मी एकेक खाणं सोडत गेले. आधी अंडी, मग दूध-दही, मग गहू, डाळी, शेंगदाणे. आता भात आणि उकडलेला भोपळा एवढ्यावर आले आहे. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दूधही कमी झालंय. एवढं करूनही त्याचं इसब जात नाही, म्हणून या महिनाअखेरीस त्याचं अंगावरचं दूध तोडायचं ठरवलंय. सासूबाईंशी अजून बोलले नाही. त्या सकाळपासून खाली आपल्या लाँड्रीत वाफेत उभ्या असतात, दुपारचं जेवणसुद्धा तिथेच उरकतात. शिवाय ढब्बूचे कपडे गिऱ्हाइकांच्या मशीनला लावत नाहीत, वेगळ्या बादलीत स्वतःच्या हाताने धुतात. त्यांच्या जिवाला आणखी घोर कशाला?

तुम्ही मला एवढंच सांगा. पोटातल्या जंतूंचा आणि बाळाच्या कातडीचा काहीतरी संबंध असतो असं तुम्हीच मागे म्हणाला होतात. मग तो लंगोट तपासून माझं दूध त्याला बाधतंय का ते कळेल ना? उद्या त्याला लस टोचायला न्यायचंय, म्हणून डबा भरून पाठवायचं काम सासूबाईंवर सोपवलंय. तुमचं उत्तर येईपर्यंत थांबते, पण लवकर लिहा. तुमचा लोभ आहेच, या खेपेला ढब्बूच्या वाट्याचाही मलाच द्या.

तुमची,
वहिनी

---

दि. ११ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

डबा मिळाला. आमच्याकडे डबा उघडायचा म्हणजे मास्क, हातमोजे, नाक मुरडायची तयारी, असा सगळा सरंजाम असतो. मी झाकण काढलं तर आत बर्फावर एक पांढराशुभ्र लंगोट. धुतलेला, इस्त्री केलेला, चौघडी घातलेला, आणि वर गुलाबाचा वास! आमचे साहेब वाकून बघून म्हणाले की इतक्या वर्षांत असा नमुना पाहिला नाही. मी हसून हसून खुर्चीत बसले. आईच ती! कळकट कपडा घराबाहेर गेला तर लाँड्रीचं नाव जाईल, असं तिचं कायमचं. लहानपणी फाटकं पायपुसणं टाकायचं असलं तरी आधी धुऊन टाकायची. परक्यांच्या दारात ती शीचा लंगोट पाठवेल, हे मला वाटलंच कसं?

पण पुढचं ऐक. आमच्यातल्या एकीने गंमत म्हणून तो लंगोट पाण्याच्या बरणीत घालून हलवला. बरणीभर फेस! पाणी बदललं, पुन्हा फेस. परत बदललं, तरी फेस. तेव्हा मात्र माझं हसू पळालं. आई नेहमी बेताचा साबण वापरते, पण बाळाच्या अंगावर उठलंय म्हटल्यावर तिने हात सढळ केला असणार. झबली, दुपटी, चादरी, सगळं त्याच पाण्यातून निघत असणार ना? तो साबण आणि तो गुलाब दिवसभर ढब्बूच्या सोललेल्या कातडीला चिकटून बसतो.

वरच्या मजल्यावर कातडीच्या डॉक्टरीणबाई बसतात, त्यांना लगेच जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या की साबणामुळे इसब झालं असं समजू नका. अशी नाजूक कातडी घराण्यातून येते. तुझ्या नवऱ्याला लहानपणी दमा होता, ते त्यातलंच. पण साबण त्या कातडीला चिडवतो, हे नक्की. कपडे साध्या पाण्यात फेस जाईपर्यंत खळबळायचे, वास बंद. कोमट पाण्याने थोडकी आंघोळ, आणि लगेच बिनवासाचं जाडसर मलम भरपूर चोपडायचं. आणि ती कपाटातली ट्यूब काढ. डॉक्टरांनी सांगितलं तेवढीच आणि तितकेच दिवस लावली तर तिला भ्यायचं कारण नाही.

आता दुधाचं. आधी खरं सांगते. लंगोट शीचा असता तरी तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नसतं. इसब असलेल्या पुष्कळ बाळांच्या पोटातली जंतूंची वस्ती वेगळी दिसते, पण आधी वस्ती बिघडते की आधी कातडी, यावर आमच्यात अजून वाद आहेत. एका बाळाची शी पाहून त्याच्या आईला सल्ला देण्याइतकं शहाणपण आमच्याकडे नाही. कोणी चांगल्या जंतूंची पूड विकायला आलं तर तीही घेऊ नकोस. मात्र एक गोष्ट पक्की आहे. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या पोटातल्या चांगल्या जंतूंसाठी. म्हणजे तू एकट्या ढब्बूला जेवू घालत नाहीस, त्याच्या पोटातल्या अख्ख्या पंगतीला वाढतेस. ते दूध शेजारणीच्या सांगण्यावरून तोडू नकोस. खाण्यातलं काही बाधतंय अशी शंका असेल तर डॉक्टरांना विचार, ते एकेक पदार्थ तपासून सांगतील. तोवर नीट जेव. हे मी नणंद म्हणून दटावते आहे.

आईला आपल्या हातून लेकराला त्रास झाला असं वाटेल, आणि ती मनाला फार लावून घेईल. तू कशी सांगशील ते तुझ्यावर सोपवते. माझी माया आहेच, ती पत्रातून पोचत नसेल तर सांग, स्वतः घेऊन येते.

तुझी,
ताई

---

दि. १७ मार्च

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या साहेबांना माझा नमस्कार सांग, आणि हेही सांग की माझ्या हातून मळका कपडा बाहेर जायचा नाही. सूनबाईने मला काय सांगितलं माहीत आहे? म्हणाली की इतका स्वच्छ कपडा प्रयोगशाळेत आजवर आला नव्हता, फक्त साबण जरा जास्त झाला. मी काय दुधखुळी आहे? लगेच बादलीत ढब्बूचं झबलं बुडवून पाहिलं. फेस काही सरेना. जसजसं त्याच्या अंगावर उठत गेलं, तसतशी मी आणखी साबण घालत गेले गं. मला वाटायचं, जंतू मरतील. तिथेच स्टुलावर बसून रडले. सूनबाई खाली आली, माझ्याजवळ बसली, आणि बोल लावायचा सोडून मलाच म्हणाली की डॉक्टरीणबाईंनी दोष कोणाचाच नाही म्हटलंय.

पण खरा चटका पुढे बसला. त्या दिवशी दुकान लवकर बंद करून वर जेवायला गेले, तर तिच्या ताटात भात आणि भोपळा. बाकी काही नाही. मी विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. दूध तोडायचं ठरवलं होतं तेही. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर ही पोर उपाशी राहत होती, आणि मी खाली लोकांच्या कॉलरी कडक करत होते. आता दुपारी दुकानाला कुलूप. दोघी समोरासमोर बसून जेवतो. ती डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी सगळं खायला सांगितलंय, काही बाधतंय असं वाटलं तर त्यांना दाखवायचं. ट्यूबही सुरू केली.

तू रिकामा धाडलेला डबा सोबत परत पाठवते आहे. आत तुला हवा तसाच लंगोट आहे. माझ्या हाताने ठेवला, डोळे मिटून ठेवला. पोस्टातल्या माणसाकडे मान वर करून बघवलं नाही, पण पाठवला. तुमच्या अभ्यासातून कुणा पुढच्या बाळाचं भलं होणार असेल तर आमचा ढब्बू आणखीही देईल, त्याच्याकडे तुटवडा नाही.

तू लक्ष घातलंस म्हणून आमचं घर सावरलं. सुखी राहा.

तुझी,
आई

---

दि. १२ एप्रिल

सौ. ताईंना,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, त्याबद्दल रागवा, पण आधी वाचा. ढब्बूचे गाल निवळले. मानेवरचं आणि पोटावरचं गेलं. गुडघ्यामागे एक चट्टा अजून आहे, आणि डॉक्टर म्हणतात की हे येईल, जाईल, पुन्हा येईल. मोठेपणी बहुतेक कमी होईल. येऊ दे. आता काय करायचं ते आम्हाला माहीत आहे. हातमोजे काढून ठेवलेत. मोकळ्या हातांनी त्याने पहिलं काम केलं ते बापाच्या मिशा ओढायचं, आणि तुमचा भाऊ ओरडायचा सोडून चक्क रडला. मी सांगितलं असं त्याला कळवू नका.

सासूबाई झबली इतकी खळबळतात की पाण्याचं बिल बघून तुमचा भाऊ कुरकुरतो. त्यांनी दुकानात पाटी लावली आहे, तान्ह्या बाळांचे कपडे बिनवासाचे धुऊन मिळतील. परवा शिक्षिकाबाई तक्रार करू लागल्या की आमच्या कपड्यांचाही वास गेला. सासूबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि आईच्या दुधावर असं काही सुनावलं की शिक्षिकाबाई गुपचूप पावती घेऊन गेल्या. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते, मला इतकं बरं वाटलं!

तुम्हाला उत्तर देता येत नव्हतं, आणि तसं तुम्ही स्पष्ट लिहिलंत, त्याचे उपकार मी विसरणार नाही. तोवर भेटेल तो मला खात्रीने काहीतरी सांगत होता, आणि ती प्रत्येक खात्री माझ्याच अंगावर येत होती.

मी आता सगळं खाते. दूध परत आलंय. एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, तुम्हाला सांगते. इतके महिने त्याला छातीशी घेतलं की मी मनातल्या मनात त्याची माफी मागायचे. प्रत्येक वेळी. आज दुपारी तो पिऊन झोपल्यावर माझ्या लक्षात आलं, की आज मी माफी मागायची विसरले. नुसतं पाजलं.

असाच जीव लावत राहा.

तुमची,
वहिनी