कच्च्या दुधाचा ताप

आबा, तुमच्यावरचा राग तुमच्या तोंडावर काढायचा राहून गेला, म्हणून लिहितोय. काल थोरल्या भावानं व्हिडिओ पाठवला. कोल्हापुरात आपल्या दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या आहेत, तो गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढतोय आणि त्याची तीन वर्षांची पोरगी तसलाच फेसाळ पेला तोंडाला लावून बसलीय. मी फोन केला, म्हटलं तिला तरी तापवून दे. तर म्हणतो, "पंजाबात जाऊन पावणा झालास व्हय रं? आबा जन्मभर धारोष्णच प्याले. तापीवलं की दूध मरतंय." तुमचंच वाक्य, तुमच्याच आवाजात.

इथं मी दुधाच्या प्लँटमध्ये मशीनवर उभा असतो. दूध बहात्तर डिग्रीला पंधरा सेकंद धरायचं आणि लगेच गार करायचं. डिग्री जरा कमी भरली की झडप वळते, दूध परत मागं जातं. कशासाठी, ते साहेबानं पहिल्याच दिवशी सांगितलं. कच्च्या दुधातनं माणसाला काय काय होतं ते बोलता बोलता तुमच्या तापाचं नाव त्याच्या तोंडात आलं. मी मशीनला लाथ घातली, शिव्या खाल्ल्या.

थोरली म्हैस गाभडली तो दिवस मला दिसतो. तुम्ही मेलेलं रेडकू नुसत्या हातानं ओढून काढताय. तिला दूध उतरलं तशी तुम्ही तिला कट्ट्यावर उभी केलीत, पहिला पेला स्वतः घेतलात. पुढं ताप सुरू झाला. यायचा, जायचा, परत यायचा. अंथरूण घामानं ओलं, कंबर धरलेली. दवाखान्यात तुमच्यासोबत मी एकटाच. डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणतात, "गाभडलेल्या जनावरातनं आलाय हा ताप, कच्च्या दुधातनं. दीड महिना गोळ्या, एकही चुकवायची नाही. आणि दूध उकळून." बाहेर येताच तुम्ही माझं मनगट धरता. "टायफाईड म्हणून सांगायचं. कट्ट्यावर कळलं तर कोण पेला तोंडाला लावंल?" जरा बरं वाटलं तशा गोळ्या सोडल्यात, पेला तेवढा सोडला नाही. ताप पार काळजापर्यंत गेला. एक उकळी काढायची होती, आबा. चूल तर रोज पेटत होती. घरात अजून सगळे टायफाईडच म्हणतात, आणि त्या तुमच्या टायफाईडच्या जोरावर नात कच्चं पितेय.

आज परत फोन लावला आणि थोरल्याला सांगून टाकलं, टायफाईड नव्हता. कशानं गेलात तेही सांगितलं. तो म्हणाला, "पोरीला तापवूनच देतो हितनं फुडं." आणि मग हळू विचारलं, "आबास्नी ठावं हुतं?"

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहितो. मी म्हणालो, "न्हाय. डॉक्टर मला एकट्यालाच बोलला." मग त्यानं मला ज्या शिव्या घातल्या, त्या तुमच्या वाट्याच्या होत्या, आणि मी फोन न ठेवता सगळ्या ऐकून घेतल्या.