सासूबाई परतायला तयार नाहीत

मुक्काम: पाहुण्यांची खोली, हत्तींच्या कुंपणाला लागून

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतंच धरावं. गुडघा अजून सुजलेला आहे, त्याची हकीकत ओघात येईल.) इकडे आम्ही उभयता, म्हणजे मी आणि आई, खुशाल आहोत. उभयता हा शब्द नवरा-बायकोसाठी असतो हे मला ठाऊक आहे, पण जावई आणि सासू परदेशात मिळून फिरत असतील तर त्यांना काय म्हणावं, याची सोय भाषेनं केलेली दिसत नाही. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? परवा फोनवर तुमचा आवाज ज्या पट्टीत लागला होता त्यावरून गोळी चुकली असावी. वहिनींना नमस्कार. फोनवर तुम्ही मला एकही वाक्य पुरं करू दिलं नाहीत आणि शेवटी फोनच ठेवून दिलात, म्हणून हे पत्र एका परतणाऱ्या पाहुण्याच्या हाती पाठवतोय. पत्राचं बरं असतं, मधे तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, पण ते वाचून झाल्यावर.

तुमचा मुख्य आरोप असा की मी तुमच्या आईला परदेशात अडकवून ठेवलं आहे. तर मुळापासून सांगतो. तिकिटं आम्हा तिघांची होती. निघायच्या आदल्या आठवड्यात तुमच्या धाकट्या बहिणीचा पाय जिन्यावरून घसरून मोडला. लिफ्टवाल्याची बायको जिन्यावरून पडली म्हणून सगळी बिल्डिंग हसली, हे तुमच्या कानावर आलंच असेल. (लिफ्ट मीच बंद केली होती. नादुरुस्त नव्हती. अगदी ठणठणीत होती, पण वरच्या मजल्यावर थांबताना जरासा उसासा टाकायची, तो मला सहन होईना.) मी म्हटलं, बेत रद्द. तर ती म्हणाली, तुम्ही दोघं जाच, ताई आहे माझ्यापाशी, तुम्ही घरात असलात तर मला पायाला आराम मिळेल पण डोक्याला मिळणार नाही. लिफ्टदुरुस्तीचं वर्कशॉप पुतण्याच्या ताब्यात दिल्यापासून मी घरात काय करतो याबद्दल तिनं तुम्हाला बरंच सांगितलं असेल. मिक्सर मी उघडला हे खरं आहे. बंद करताना एक स्क्रू उरला हेही खरं आहे, पण मिक्सर त्याच्यावाचून चालतो, आणि पूर्वीपेक्षा जोरात चालतो.

आता आईंचं. तुम्ही डेपोत बसगाड्यांचं वेळापत्रक करता, तसंच बाबा गेल्यावर तुम्ही आईंचंही केलंत: चार महिने तुमच्याकडे, चार ताईकडे, चार आमच्याकडे. तिन्ही घरांच्या फ्रिजवर ते चिकटवलेलं आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, गाडी आजवर कधी चुकली नाही. पण तुमच्याकडे त्या काय करतात ते मला माहीत नाही. आमच्याकडे त्या पहाटे उठून डबे लावतात. लावलेले डबे काढून परत लावतात. मग गॅलरीत येरझारा. बसा म्हटलं की बसतात, आणि आपण पाठ वळवली की उठतात. तेव्हा विमानात एका रांगेत आम्ही दोन अस्वस्थ माणसं बसलो होतो, आणि आमच्या शेजारी खिडकीशी जो गृहस्थ होता, त्यानं मधेच जागा बदलून घेतली. हॉटेलात पोचल्यावर आई खोलीतले टॉवेल आपल्या पद्धतीनं घड्या घालून ठेवायला लागल्या आणि मी लिफ्टनं खालीवर करत बसलो. (गाईड रोलर झिजले होते. स्वागतकक्षातल्या मुलीला खुणा करून सांगितलं, तिनं मला पाणी आणून दिलं.)

सहलीच्या कार्यक्रमात एक सकाळ हत्तींच्या अभयारण्यासाठी होती. अभयारण्य म्हणतात, पण ते खरं म्हणजे म्हाताऱ्या, दुखऱ्या, कामावरून सुटलेल्या हत्तींचं घर आहे. तिथे हत्तीवर बसायचं नाही, हत्तीला हात लावायचा नाही, फोटोसाठी पुढे पुढे करायचं नाही. लाकडी ओट्यावर बसून गप्प बघायचं, बस्स. मला सांगा दादा, ज्याला घरच्या सोफ्यावर बसवत नाही त्यानं परमुलखात ओट्यावर बसून काय बघायचं? हत्ती चारा खातो. मग थांबतो. मग परत खातो. मी अर्ध्या घटकेत चार वेळा उठलो, आणि प्रत्येक वेळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला नुसत्या डोळ्यांनी बसवलं. त्यांची परवानगी मिळाली तेव्हा आम्ही कुंपणाजवळ गेलो. आत एक म्हातारी हत्तीण होती. एक पाय दुखावलेला, आणि बाई जागच्या जागी झुलत होती. या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. आई बघत राहिल्या. बघता बघता त्यांची खांद्यावरची पर्स कुंपणाच्या गजांच्या फार जवळ गेली. पर्समध्ये खायचं काही नेऊ नये अशी पाटी दारातच आहे, पण आईंनी चक्कर आली तर असावीत म्हणून केळी ठेवली होती. सोंड आली, पर्समध्ये गेली, केळी निघाली, आणि केळ्यांबरोबर आमच्या पासपोर्टांची पिशवीही निघाली.

हत्तीण विचारी होती. आईंचा पासपोर्ट तिनं खाली टाकला. माझा खाल्ला. म्हणजे गिळला नाही, चावून चावून चोथा केला आणि तो माझ्या पायाशी आणून टाकला, सुपारी कडक लागली तर आपण टाकतो तसा. तो चोथा रुमालात बांधून मी शहरातल्या आपल्या वकिलातीच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं विचारलं, पासपोर्ट कसा खराब झाला. मी सांगितलं, हत्तीणीनं खाल्ला. त्यानं मान वर न करता विचारलं, हत्तीण तुमची का? मी नाही म्हटल्यावर तो निराश झाला. माझी असती तर त्याचं काम सोपं झालं असतं असं दिसलं. नवे कागद यायला वेळ लागणार होता. पुढची सहल बुडाली, हॉटेल सोडावं लागलं, आणि डॉक्टरीणबाईंना बहुधा आपल्या हत्तीणीची लाज वाटली म्हणून त्यांनी आम्हाला इथल्या पाहुण्यांच्या दोन खोल्या दिल्या. तेव्हा अडकवलं कोणी कुणाला, हे आता तुम्हीच ठरवा.

पहिल्याच सकाळी मी उठलो तर आई खोलीत नाहीत. शोधत गेलो. हत्तीणीचा पाय धुवायची वेळ होती. गजांमध्ये खाली एक मोकळी जागा असते, त्यातून हत्तीनं पाय बाहेर काढून ओंडक्यावर ठेवायचा, मग जखम धुवायची. हत्तीण पाय ठेवत नव्हती. ठेवायची, काढायची, झुलायची. तिला सांभाळणारा एक अबोल माणूस आहे (आई त्याला मौनीबुवा म्हणतात, त्याला वाटतं तो काहीतरी मान आहे), तो बादली घेऊन कधीचा वाकून बसला होता. आई पुढे झाल्या आणि त्यांनी आवाज लावला. दादा, तुम्ही लहानपणी गुडघे फोडून यायचात तेव्हा ऐकलेला आवाज असणार तो. आई नर्स होत्या तेव्हा अख्खा सर्जिकल वॉर्ड ज्याच्या धाकानं सरळ झोपायचा. “पाय इकडे. हलायचं नाही. मी सांगितल्याशिवाय काढायचा नाही.” अगदी मराठीत. हत्तीणीनं पाय ओंडक्यावर ठेवला. मौनीबुवानं पाय बघितला, मग आईंकडे बघितलं आणि बादली त्यांच्या हाती दिली. मीसुद्धा नकळत ताठ उभा राहिलो होतो.

तेव्हापासून आई रोज तिथे. पाय धुतात, पावडर मारतात, भोपळे फोडतात, मौनीबुवाला रागावतात. हत्तीणीला त्या थोरली म्हणतात. एकदा डॉक्टरीणबाईंनी थोरलीची कथा सांगितली. (त्या मराठी बोलत नाहीत आणि आई दुसरं काही बोलत नाहीत, मी मधे हातवाऱ्यांनी दुभाषी होतो, तेव्हा तपशिलाची खात्री देत नाही.) लाकडं ओढायच्या कामावर होती. एका मालकाचं काम संपलं की दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. सगळे चांगले होते, उपाशी कुणी ठेवलं नाही. पण कुठे रुळावं तोवर निघायची वेळ. म्हणून ती अशी झुलते. इथे येऊन बरीच वर्षं झाली तरी अजून तिला वाटतं, आता नेतील. आईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तुम्ही तिला काय सांगता?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही सांगत नाही, फक्त हलवत नाही. मी इथे कसलीही तुलना करत नाहीये, दादा. कृपा करून तुम्हीही करू नका. तुमच्या मातोश्रींची आणि हत्तीणीची तुलना केल्याचं खापर माझ्या डोक्यावर नको.

नवे कागद हातात आले त्या दिवशी मी माझी बॅग भरली आणि आईंना सांगायला गेलो. त्यांच्या खोलीत कपाट आहे, साधं, एक दार न लागणारं. (आता लागतं.) त्यात त्यांच्या साड्या रचलेल्या होत्या. खालच्या कप्प्यात चपला, वरच्या कप्प्यात औषधं आणि बाबांचा फोटो. बॅग रिकामी करून पलंगाखाली पालथी घातलेली. आमच्याकडे चार-चार महिने राहतात तेव्हा त्यांची बॅग खुर्चीवर उघडी असते, लागेल ते वरचं वर काढतात आणि धुतलं की परत त्यातच ठेवतात. आमच्याकडे कपाट नाही असं नाही, पण ते आमचंच भरलेलं असतं. तुमच्याकडचं तुम्हाला ठाऊक. मी कपाटाकडे बघितलं. तर त्या जराशा ओशाळून म्हणाल्या, “कपाटात कपडे लावले की बरं वाटतं हो जावईबापू. खूप दिवसांत लावले नव्हते.” मी चला म्हणालो नाही. आपल्या खोलीत आलो आणि बसलो. चांगला तासभर बसलो असेन.

तेव्हा त्या परतायला तयार नाहीत हे तुम्ही समजून घ्यावं. माझी घालमेल काय होतेय ते माझं मला माहीत. मला इथे करमत नाही. सकाळी उठल्यापासून वर्कशॉप आठवतं, पुतण्या काय घोळ घालत असेल या विचारानं जेवण जात नाही. (थोरलीच्या गोठ्याचं फाटक वर उचलायचं असतं, लोखंडी, त्याला चार माणसं साखळी ओढायची आणि खडखडाट असा, की ती बिचारी प्रत्येक वेळी दचकायची. मी पुली बसवून दुसऱ्या टोकाला वाळूची पिंपं टांगली, लिफ्टच्या काउंटरवेटसारखी. पहिल्या चाचणीत एक पिंप माझ्या गुडघ्यावर आलं, ते सोडा. आता मौनीबुवा एका हातानं फाटक उचलतो आणि आवाज म्हणाल तर पान पडल्याइतका. थोरली झुलायची थांबून बघत होती.) असो. मुद्दा एवढाच, की माझा जीव घराकडे लागलाय आणि केवळ आईंना एकटं कसं सोडायचं म्हणून मी थांबलो आहे.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि तुम्ही आधी गोळी घ्या, मग रागवा.

आपला,
लिफ्टवाला

ता. क. लिहायचं राहून गेलं, आणि खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. आई-बाबांच्या जुन्या दोन खोल्यांमध्ये तुमच्या डेपोतली रद्दी, वहिनींचं जुनं शिलाई मशीन आणि आमच्या लिफ्टचे दोन दरवाजे पडलेले आहेत. ते सगळं हलवा, आई कधी परतल्याच तर तिथे राहतील. दरवाजे न्यायला पुतण्याला टेम्पो घेऊन पाठवतो. आईंना आता कुणाच्याच पाळीला जायचं नाही. हे त्या मला म्हणाल्या नाहीत, मीच विचारलं, तेव्हा त्या नुसत्या हो म्हणाल्या.

ता. क. २. पुतण्याला सांगून मोठ्या मापाची बेअरिंग दोन आणि वायररोपची एक गुंडाळी पाठवता आली तर बघा. अगदी घाई नाही. पण लवकर.

ता. क. ३ (हे आईंच्या हातचं). चिरंजीव दादास अनेक आशीर्वाद. वरचं वाचलं. माझ्याबद्दल लिहिलंय ते बहुतेक बरोबर आहे, पण मी परतायला तयार नाही हे खोटं आहे. माझं पुढच्या आठवड्यातलं तिकीट झालंय, डॉक्टरीणबाईंची बहीण त्याच विमानानं येणार आहे, सोबत आहे. थोरलीची जखम भरली. जावईबापू मात्र आता दुसऱ्या फाटकाला लागलेत आणि तिसऱ्याची मापं घेतलीत, आणि इथे रात्री गाढ झोपतात. त्यांना बोलावू नकोस. त्यांच्या बायकोला मी विचारलं, ती म्हणाली राहू देत, तिचा मिक्सर सुखात आहे. खोल्यांचं मात्र खरं आहे. विमानतळावर न्यायला ये, पण सामान सरळ तिकडे टाकायचं. नंतर जेवायला येत जा. येण्याआधी फोन करत जा, मी घरी असेन की नाही सांगता येत नाही.